शाळेच्या वर्गांतून अंतराळांत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वॉशिंग्टन नांवाचें एक संस्थान त्या देशाच्या अगदीं वायव्य कोपऱ्यांत आहे. त्याच्या दक्षिण सीमेवर, कोलंबिया नदीच्या कांठीं, व्हँकूव्हर नांवाचें शहर वसलेलें आहे. कॅनडांतील त्याच नांवाचें प्रसिद्ध बंदर तें हें नव्हे. या शहरांतील हडसन्स बे हायस्कुलांत २००३ सालीं एक तरुण शिक्षिका भूशास्त्र आणि खगोलशास्त्र हे विषय शिकवीत असत. एके दिवशीं अंतराळप्रवासाविषयीं बोलणें चाललें असतां वर्गांतून प्रश्न आला, ‘अंतराळवीर शौचास कसे जातात?’

अशा प्रश्नावर वर्गांत काय होतें, हें शाळेची पायरी चढलेल्या कोणासहि सांगावयास नको. मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि शिक्षक ‘पुढें चला’ म्हणून खडूकडे वळतात. या बाईंनीं तसें केलें नाहीं. प्रश्न शास्त्रीय होता आणि त्याचें उत्तर त्यांना ठाऊक नव्हतें. शोधून सांगतें, असें म्हणून त्यांनीं नासा या अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें प्रसिद्ध केलेली माहिती चाळण्यास आरंभ केला. त्या शोधांत त्यांना एक जाहिरात दिसली. अंतराळवीर होण्यासाठीं शिक्षकांकडून अर्ज मागविले होते.

या शिक्षिकेचें नांव डॉरथी मेटकाफ-लिंडनबर्गर. माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही आडनांवें त्या लावतात. येथें त्यांना नुसतें डॉरथीबाई म्हटलें तर चालण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १९७५ सालीं कोलोरॅडो संस्थानांत झाला. शाळकरी वयांतच अंतराळाचें वेड लागलें होतें, आणि अलाबामांतील हंट्सव्हिल येथें मुलांसाठीं भरणाऱ्या अंतराळविषयक शिबिरास त्या जाऊनहि आल्या होत्या. परंतु पुढें कॉलेजांत त्यांनीं विषय घेतला तो पायाखालच्या जमिनीचा. १९९७ सालीं भूशास्त्राची पदवी घेऊन, नंतर अध्यापनाची सनद मिळवून, त्या शाळेंत रुजू झाल्या. पतीहि शिक्षक, त्यांचा विषय इतिहास. बाई मुलांना रानावनांतून धांवण्याच्या शर्यतीची तालीमहि देत. मास्तरकीचा असा सुखाचा संसार चालू असतां ही जाहिरात समोर आली.

अंतराळ आणि शाळामास्तर यांचा अमेरिकेंतील संबंध मोठा दुःखद आहे. १९८४ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं जाहीर केलें कीं, अंतराळांत जाणारा पहिला सामान्य नागरिक हा शिक्षक असेल. अकरा हजारांवर अर्ज आले. त्यांतून न्यू हँपशायर संस्थानांतील कॉन्कर्ड येथील समाजशास्त्राच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांची निवड झाली, आणि आयडाहोंतील बार्बरा मॉर्गन या प्राथमिक शिक्षिकेस त्यांची बदली म्हणून तयार ठेवण्यांत आलें. क्रिस्टाबाई यानांतून पाठ देणार होत्या; ठिकठिकाणच्या शाळांतून दूरचित्रवाणीवर तें उड्डाण पाहण्यासाठीं मुलांना मुद्दाम बसविलें होतें. २८ जानेवारी १९८६ रोजीं सकाळीं चॅलेंजर यान उडालें आणि ७३ सेकंदांत आकाशांतच त्याचा चुराडा झाला. यानाला नेणाऱ्या अग्निबाणाच्या सांध्यांतील रबराचें कडें थंडीनें ताठरलें होतें. तें सांध्याला घट्ट बसलें नाहीं, आणि त्या फटींतून आंतील तप्त वायु बाहेर पडला. यानांतील सातहि जण गेले. हा प्रसंग घडला तेव्हां डॉरथीबाई दहा वर्षांच्या होत्या.

बार्बरा मॉर्गन यांचें चरित्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डोळ्यांदेखत सहकारिणीचा अंत पाहून त्या गांवीं परतल्या आणि दुसरी-तिसरीच्या मुलांना पुन्हां शिकवूं लागल्या. बारा वर्षांनीं त्यांना पुन्हां बोलावणें आलें, आणि त्यानंतर नऊ वर्षांनीं, ऑगस्ट २००७ मध्यें, त्या एकदांच्या अंतराळांत जाऊन आल्या.

मध्यंतरीं नासाच्या धोरणांत एक फरक पडला होता, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून डॉरथीबाईंच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागणार नाहीं. क्रिस्टाबाई पाहुण्या म्हणून जाणार होत्या. कांहीं महिन्यांचें जुजबी शिक्षण, एक प्रवास, आणि परत शाळेंत, अशी ती योजना होती. नव्या योजनेंत शिक्षकाला पाहुणा न मानतां पूर्ण वेळेचा अंतराळवीर करावयाचें होतें. त्यानें शाळा सोडावी, वैमानिक आणि इंजिनियर यांच्या बरोबरीनें सर्व शिक्षण घ्यावें, आणि यानांत पडेल तें काम करावें. हा बदल योग्यच होता. ज्या घरांत प्रत्येक हाताला काम आहे तेथें पाहुणा कितीहि गोड असला तरी तो यजमानांना जडच होतो.

ही योजना पुढें येत होती त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २००३ रोजीं, कोलंबिया यान परत येतांना वातावरणांत भंगलें. कर्नाल येथें जन्मलेल्या कल्पना चावला त्यांत होत्या. उड्डाणाच्या वेळीं इंधनाच्या टाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. तेथें पडलेल्या भोंकांतून परतीच्या वेळीं प्रचंड उष्णता आंत शिरली. तेव्हां २००३ सालीं ज्या शिक्षकांनीं अर्ज केले त्यांना आपण कशासाठीं अर्ज करीत आहों हें पुरतें ठाऊक होतें. तरीहि अर्ज मोठ्या संख्येनें आले. मे २००४ मध्यें नासानें नव्या अकरा उमेदवारांचीं नांवें जाहीर केलीं. त्यांत तीन शिक्षक होते. फ्लॉरिडांत विज्ञान व गणित शिकविणारे जोसेफ अकाबा, मोरोक्को, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, रुमानिया अशा देशोदेशींच्या शाळांतून शिकविलेले रिचर्ड आर्नोल्ड, आणि एकोणतीस वर्षांच्या डॉरथीबाई.

पुढचीं दोन वर्षें ह्यूस्टन येथें गेलीं. ज्यांनीं काल परीक्षा घेतल्या त्यांनींच आज परीक्षेस बसावयाचें होतें. जेट विमानांत मागच्या आसनावर बसून आकाशांतील दिशा, वेग आणि संदेश यांचा मेळ घालणें, रशियन भाषा, यंत्रबाहु चालविणें, बारा मीटर खोल हौदांत अवजड पोषाख घालून काम करणें, असा तो अभ्यासक्रम होता. हौद अशासाठीं कीं, पाण्यांत योग्य वजनें बांधलीं म्हणजे माणूस वरहि येत नाहीं आणि बुडतहि नाहीं, आणि अंतराळांतील तरंगत्या अवस्थेचा थोडाफार अनुभव येतो.

आणि या अभ्यासक्रमांत तो मूळ प्रश्नहि होता! त्याचें उत्तर आतां दिलेंच पाहिजे.

सर्वसामान्य समजूत अशी असते कीं, वर गेलें म्हणजे पृथ्वीचें आकर्षण संपतें आणि म्हणून वस्तु तरंगतात. ही चूक मोठीं माणसेंहि करतात. ज्या अंतराळस्थानकावर डॉरथीबाई पुढें गेल्या तें त्या वेळीं जमिनीपासून सुमारें ३५० किलोमीटर उंचीवर फिरत होतें. त्या उंचीवर पृथ्वीचें आकर्षण जमिनीवरच्या मानानें शेंकडा नव्वद इतकें शिल्लक असतें. तेवढा उंच मनोरा बांधून त्यावर पन्नास किलो वजनाचा मनुष्य उभा केला तर तो पंचेचाळीस किलो भरेल. तरंगणार मुळींच नाहीं. मग यानांतला मनुष्य कां तरंगतो? कारण तो आणि त्याचें यान दोन्ही सारखीं पडत असतात. यान एका सेकंदांत सुमारें साडेसात-पावणेआठ किलोमीटर पुढें जातें आणि त्याच सेकंदांत सुमारें साडेचार मीटर खालीं पडतें. परंतु पृथ्वी वाटोळी असल्यामुळें तेवढ्या अंतरांत तिचा पृष्ठभागहि तितकाच खालीं वळलेला असतो. यान अखंड पडत राहतें आणि जमीन त्याच्या हातीं कधींच लागत नाहीं. यान, मनुष्य, पाण्याचा थेंब, सर्वच एका गतीनें पडत असल्यामुळें कोणी कोणावर टेकत नाहीं. खालीं आणि वर हे शब्दच तेथें निरर्थक होतात.

आतां शौचकूपाची अडचण कोठें आहे तें दिसेल. घरीं जें काम आपल्या नकळत पृथ्वी करते तें तेथें कोणीतरी केलें पाहिजे. तें हवेकडून करवून घेतात. पंख्यानें हवा आंत ओढली जाते आणि तिच्या ओघाबरोबर मळ व मूत्र योग्य जागीं जातें. मूत्रासाठीं नळी असते आणि तिला प्रत्येकाचें स्वतःचें नाळकें लावावयाचें असतें. मनुष्य स्वतः तरंगून जाऊं नये म्हणून पाय अडकविण्याची व मांड्यांवर दांड्या टेकविण्याची सोय असते. शटल यानांतील आसनाचें भोंक जेमतेम दहा सेंटिमीटरचें असल्यानें बरोबर मध्यावर बसणें ही देखील शिकण्याची गोष्ट होती. ह्यूस्टनच्या शिक्षणशाळेंतील नमुन्याच्या आसनाखालीं त्यासाठीं कॅमेरा बसविलेला असे, आणि आपण नीट बसलों कीं नाहीं हें विद्यार्थ्याला समोरच्या पडद्यावर दिसे. हंसूं येतें खरें, परंतु तेथें झालेली चूक सर्वांच्या नाकाशीं तरंगत येते, हें लक्षांत घेतलें म्हणजे हंसूं आवरतें. शटल यानांत मळ निर्वातानें वाळवून परत आणीत, आणि मूत्र बाहेर सोडून देत. बाहेर पडतांच तें गोठून त्याचे बारीक स्फटिक उन्हांत चमकत दूर जात. अंतराळस्थानकावर मात्र इतकी उधळपट्टी परवडत नाहीं. तेथें २००८ सालापासून मूत्राचें ऊर्ध्वपातन करून पुन्हां पिण्याचें पाणी करतात. साध्या ऊर्ध्वपातनांत वाफ वर जाते आणि पाणी खालीं राहतें. जेथें वर-खालीं नाहीं तेथें तीं वेगळीं कशीं व्हावीं? म्हणून तें भांडेंच गरगर फिरवितात. द्रव कडेला फेंकला जातो आणि वाफ मध्यें उरते. दुसऱ्या देशांतून येणारें मोठें शास्त्र ज्यांना अवघड वाटतें त्यांनीं ताक घुसळणाऱ्या रवीकडे पाहावें. एका चावट वाटणाऱ्या प्रश्नाच्या पोटांत गुरुत्वाकर्षण, हवेचा दाब, ऊर्ध्वपातन आणि चक्राकार गति एवढें सगळें दडलेलें होतें.

५ एप्रिल २०१० रोजीं पहांटे, सूर्योदयापूर्वीं, डिस्कव्हरी यान फ्लॉरिडांतील केनेडी अंतराळकेंद्रावरून उडालें. यानांत सात जण होते. दुसऱ्याच दिवशीं कसोटीचा प्रसंग आला. कोलंबियाच्या घातानंतर प्रत्येक यानाचें उष्णतारोधक आवरण वर गेल्यावर कसून तपासण्याची पद्धत पडली होती, आणि तीं चित्रें तत्काळ खालीं पाठविणारा अँटिना या वेळीं बिघडला. तपासणी तर टाळतां येत नव्हती. मग चित्रें यानांतच जमा करून ठेवलीं आणि स्थानकाला जोडलें गेल्यावर तेथील यंत्रांवरून पृथ्वीकडे धाडलीं.

या सफरींत डॉरथीबाईंकडे जें मुख्य काम होतें तें ऐकून कोणाहि शिक्षकास ओळखीचें वाटेल. स्थानकाची उष्णता बाहेर टाकण्यासाठीं अमोनिया खेळविलेला असतो. त्याची सुमारें पाऊण टनाची जुनी टाकी काढून नवी बसवावयाची होती. रिचर्ड मॅस्ट्राकिओ आणि क्लेटन अँडरसन हे दोघे तीन वेळां बाहेर गेले, दर वेळीं सहा तासांहून अधिक. बाहेरचा मनुष्य फुगलेल्या पोषाखांत असतो, हातमोज्यांनीं बोटें आंबून जातात, हातांत पुस्तक धरण्याची सोय नाहीं. तेव्हां आंत बसून कोणी तरी पुढची पायरी सांगावी लागते. कोणता बोल्ट, कोणत्या बाजूनें, किती फेरे, सुरक्षिततेची दोरी कोठें अडकविली, हें सर्व आंतून सांगणाऱ्या डॉरथीबाई होत्या. दुसऱ्या खेपेस टाकीचा एक बोल्ट अडून बसला आणि ठरलेलें वेळापत्रक कोलमडलें. अशा वेळीं आंतल्या माणसाचा आवाज चढला तर बाहेरच्याचा हात चुकतो. जो एकच गोष्ट दहादां, तितक्याच शांतपणें, ऐकणाऱ्याच्या आकलनाच्या वेगानें सांगूं शकतो तोच येथें कामाचा, आणि ही कला सैनिकी विमानांत जितकी शिकतां येते तितकीच चाळीस मुलांच्या वर्गांतहि शिकतां येते. तिन्ही फेऱ्या मिळून वीस तासांहून अधिक वेळ ते दोघे बाहेर होते. काम पुरें झालें आणि दोघे सुखरूप आंत आले.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. यानांतील स्टेफनी विल्सन, जपानच्या नाओको यामाझाकी आणि डॉरथीबाई, आणि स्थानकावर आधींपासून असलेल्या ट्रेसी कॉल्डवेल डायसन, अशा चार स्त्रिया एकाच वेळीं अंतराळांत असण्याचा तो पहिला प्रसंग. परतण्याच्या दिवशीं हवा बिघडल्यामुळें एक दिवस वाट पाहावी लागली, आणि २० एप्रिल रोजीं यान जमिनीवर आलें. पंधरा दिवसांचा प्रवास झाला होता.

शिक्षकाला अंतराळवीर करून शिक्षणाचा कोणता लाभ झाला, असा प्रश्न कोणी विचारील. एक अनुभवी विज्ञानशिक्षक वर्गांतून उठून गेला म्हणजे त्या शाळेची हानि होते, हें नाकारतां येत नाहीं. हडसन्स बे हायस्कुलांतील पुढच्या मुलांना त्या बाई मिळाल्या नाहींत. शिवाय शिक्षक म्हणून निवडलेल्यांचें रोजचें काम शेवटीं यंत्रांचें आणि बोल्टांचेंच झालें. शिकविणें हें सफरीच्या आधीं व नंतर, व्याख्यानांतून. परंतु या हिशेबाची दुसरी बाजूहि आहे. डॉरथीबाईंबरोबर निवडलेले अकाबा आणि आर्नोल्ड हे दोघे मार्च २००९ मध्यें एकाच यानानें गेले होते, आणि एके दिवशीं दोघेच मिळून यानाबाहेर काम करण्यास निघाले. शाळेंतून आलेले दोन मास्तर उघड्या अंतराळांत एकमेकांच्या जिवाची काळजी वाहत आहेत, असा देखावा क्रिस्टाबाईंच्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि आला नसता. शटल यानें २०११ सालीं बंद झाल्यावरहि हे दोघे रशियाच्या सोयुझ यानानें पुन्हां वर गेले. २०१८ सालीं एक परतल्यावर दुसरा, अशा पाळीनें स्थानकावर असतां, क्रिस्टाबाईंनीं १९८६ सालासाठीं योजलेले आणि कधींच न दिले गेलेले कांहीं पाठ मुलांसाठीं चित्रित करण्यांत आले. द्रवांचे धर्म, रंगांचें पृथक्करण, न्यूटनचे गतिनियम, आणि फेंसाळणाऱ्या वडीचा प्रयोग. पृथ्वीवर अशी वडी पाण्यांत टाकली कीं बुडबुडे भराभर वर येऊन फुटतात. तेथें पाण्याचा गोळा हवेंत तरंगत असतो, आणि बुडबुड्यांना वर जाण्याची वाटच ठाऊक नसल्यामुळें ते त्या गोळ्याच्या पोटांतच राहतात. बत्तीस वर्षें तो पाठ राहून गेला होता.

डॉरथीबाईंच्या वांट्याला मात्र दुसरी सफर आली नाहीं. यानें बंद झालीं होतीं, आणि सोयुझमधून जाणें म्हणजे सफर अर्ध्या वर्षाची व तिची तयारी त्याहून लांब. जून २०१२ मध्यें त्या एका तुकडीच्या नायिका झाल्या खऱ्या, पण ती सफर फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशीं असलेल्या ॲक्वेरियस नांवाच्या निवासांतली. लघुग्रहावर माणसें पोंचलीं तर त्यांनीं तेथें कसें वावरावें याची ती तालीम होती. जवळजवळ गुरुत्वच नसलेल्या त्या दगडावर पाय टेकवून हातोडा मारला तर दगड फुटण्याऐवजीं मारणाराच उडून जाईल. तेव्हां नमुना घ्यावयाचा कसा, हा भूशास्त्रज्ञालाच सुचावा असा प्रश्न तेथें पाण्यांत बसून सोडविला जात होता.

२०१४ सालीं त्यांनीं नासा सोडली आणि त्या वॉशिंग्टन संस्थानांत परत गेल्या. तेथें सिॲटल येथील विद्यापीठांत त्यांनीं नांव घातलें आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हां विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून भूशास्त्राची पुढची पदवी घेतली. त्यानंतर त्याच शहरांत त्यांनीं भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी धरली.